अर्धा थेंब

कॅमेरा पाण्याखाली न्यायचा तर त्याला एका डब्यात कोंडावं लागतं. त्या डब्याला हाउसिंग म्हणतात आणि त्याची किंमत विचारायची नसते. मी विचारली.

इतके पैसे मोजल्यावर बाहेरचं पाणी बाहेर राहतं, हे खरं. पण आतलं पाणीही आतच राहतं, त्याचं काय? बोटीवर, चिकचिकाटात डबा बंद केला की ती दमट हवाही कॅमेऱ्याबरोबर अडकते. खाली गेल्यावर कॅमेरा चालून चालून तापतो, समोरची काच समुद्र गार करतो आणि आतली सगळी ओल नेमकी भिंगाच्या पुढ्यात येऊन बसते. अॅल्युमिनियमच्या डब्यात निदान धातूही गार पडतो आणि बरंचसं दव तिथे धरतं. आमचा डबा प्लास्टिकचा. अॅल्युमिनियमचा घेतला असता तर मालवणला चालत जावं लागलं असतं.

बरं, हे पाणी असतं किती? 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण 30 ग्रॅम. म्हणजे लिटरभराच्या डब्यात 30 मिलिग्रॅम, धड एक थेंबही नाही. एवढ्याशा पाण्याने सिंधुदुर्ग किल्ल्यालगतचे मासे असे काही धूसर केले, की फोटो पाहून सासूबाईंनी विचारलं, "महाबळेश्वर का?"

बोटीवर उपायांना तोटा नव्हता. "मास्काक लावतत तशी हेका पण थुकी लावा," बोटवाले काका म्हणाले. मास्कला थुंकी चालते हे खरंच आहे. तिच्यामुळे पाणी थेंब न धरता काचेवर पातळ पसरतं आणि आरपार दिसतं. पण बंद डब्यात थुंकायचं म्हणजे ज्याला बाहेर काढायचंय त्यालाच आणखी पाहुणे बोलावून देण्यासारखं. मग माझ्या पुड्या निघाल्या. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये जपलेल्या. त्या उघड्यावर राहून केव्हाच पोटभर ओल पिऊन बसलेल्या. डब्यात जाऊन आणखी काय पिणार? रंग बदलणारे दाणे बरे, निळ्याचे गुलाबी झाले की पोट भरलं म्हणून कळतं. ते तापवून पुन्हा कोरडे करता येतात. मात्र निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, तेव्हा पोळ्यांचा तवा मागायला येऊ नये, हे मी नवऱ्याला बजावून ठेवलं.

खरा उपाय निघाला लॉजवरचा एसी. 24 अंश आणि निम्मी आर्द्रता असलेल्या खोलीत डबा बंद केला, तर त्या हवेतून दव धरायला काच 13 अंशांच्या आसपास उतरावी लागते. मालवणच्या समुद्राला तेवढी थंडी कधी वाजत नाही. झालं! आदल्या रात्री खोलीत सोवळं सुरू. डबा तासभर उघडा, एसी चालू, दार बंद. ओल्या केसांनी मला प्रवेश नाही. झाकणाची रबरी ओ-रिंग पुसून तिला बोटाने सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवायचा, आणि तिच्यावर एखादा केस चुकूनही राहता कामा नये. राहिला तर धुक्याचा प्रश्नच मिटतो, थेट समुद्र आत येतो. आमच्या आजेसासूबाईंनी लोणच्याच्या बरणीसाठीही एवढं केलं नाही.

सकाळी बोटीवर नवे नियम. डबा उघडायचा नाही. बॅटरी संपली तरी नाही, कार्ड भरलं तरी नाही. उन्हातही ठेवायचा नाही. काकांनी सावलीत पाण्याची बादली दिली, त्यात तो बसला. ऊन आम्हाला.

आणि काच शेवटपर्यंत लख्ख राहिली. फोटो इतके स्वच्छ, की मालवणच्या पाण्यातला कण न् कण फ्लॅशमध्ये उजळून दिसत होता. माशांवर जणू साबुदाणा उधळलेला. त्यावरही उपाय आहे म्हणे: फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता, दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर दोन वेगळे लावायचे. नवरा सध्या फोनवर त्यांचे भाव काढतो आहे, गॅलरीत जाऊन, दार लोटून.