खड्डा डोंगरात, भराव खाडीत

आपल्याकडे दगडखाणींचं नियोजन होत नाही, अशी एक अफवा उल्हास नदीच्या दोन्ही काठांवर पसरली आहे. ती खोटी आहे. नियोजन होतं, आणि चांगलं जाडजूड होतं. पूर्वी पाच हेक्टरांच्या आतल्या खाणीला पर्यावरण मंजुरीची कटकट नसे. म्हणून मोठ्या खाणीचे छोटे तुकडे पाडायचे. भाऊबंदकीत शेताचे तुकडे पाडण्यात हयात गेलेल्या आपल्या समाजाला हे काही शिकवावं लागलं नाही. 2012 साली दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सोय काढून घेतली. मग 2013 साली राज्याचे गौण खनिजांचे नियम आले, खाण आराखडे आले, पाठोपाठ जिल्हा सर्वेक्षण अहवाल आले. कागदाचं उत्खनन कधी थांबलं नाही.

खाण आराखडा हे दोन अंकी नाटक असतं. पहिल्या अंकात खणायचं. दुसऱ्यात वरची माती जपून ठेवलेली असते ती परत पसरायची, कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचे, कुंपण घालायचं, झाडं लावायची. पहिला अंक हाऊसफुल्ल जातो. कधी कधी तर तिकीटविक्री सुरू होण्याआधीच सुरू होतो. दुसऱ्या अंकाला पडदा उघडतो तेव्हा खाली पाणी साचलेलं असतं आणि प्रेक्षकांत फक्त बेडूक.

कल्याणजवळच्या मोहन्याच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. सुरू करताना नारळ फुटतो, बंद करताना कोणी फिरकत नाही, हे त्यांनी तिथल्या एनआरसी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून पाहिलं आहे. 2009 साली कंपनी बंद पडली आणि कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. जिथे माणसांच्या हिशेबाची ही तऱ्हा, तिथे खड्ड्याच्या हिशेबाला कोण विचारतो?

पण भराव होत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. ठाणे जिल्ह्यात भराव धूमधडाक्यात होतो, फक्त खड्ड्यात होत नाही. खाणीचा खड्डा बुजवायचा म्हटलं की मातीचा दुष्काळ पडतो. तीच माती खाडीकाठच्या खारफुटीवर टाकायची असली की रात्री बारानंतर डंपरची रांग लागते. म्हणजे डोंगर होता तिथे तळं, पाणी होतं तिथे जमीन. निसर्गाच्या मांडणीतली चूक आपण दुरुस्त केली. परंपराही मोठी आहे. मुंबईच्या बॅकबेत भर टाकायला कांदिवलीची टेकडी फोडली होती. नव्या मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, तिच्या दगडमातीने खालची पाणथळ जमीन उंच केली आणि मधे येणाऱ्या उलवे नदीलाही वळसा घालायला लावला. एवढं मोठं काम कागदोपत्री, मंजुऱ्या घेऊन झालं. मग एखाद्या होतकरू डंपरवाल्याने एका पावतीवर चार खेपा मारल्या तर त्याला एकट्याला का बोल लावायचा?

रेतीची गोष्ट आणखी रम्य. कल्याणच्या खाडीत सक्शन पंप लावलेले बार्ज आणि त्यांच्यावरची कारवाई या दोन्ही गोष्टी नियमित. बातमी तर वर्षानुवर्षं तीच, नुसती तारीख बदलून छापावी : पथकाची चाहूल लागताच कामगारांनी पाण्यात उड्या टाकल्या, बार्ज गॅस कटरने कापला, पंप नष्ट केला. मालकाने उडी टाकल्याचं मात्र अजून वाचनात नाही. तो बहुधा पोहायला शिकलेला नसावा. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत आहे, डंपरला जीपीएस सक्तीचा आहे, वाहतूक परवाना ऑनलाइन आहे. तलाठ्याचंही ग्राम महसूल अधिकारी असं बारसं झालं. आता रेतीनेच आधार कार्ड घेऊन यायचं काय ते बाकी आहे.

याच उल्हासचं पाणी मोहन्यापाशी उचलून कल्याण-डोंबिवलीला पाजलं जातं. नदीच्या तळातली वाळू पाणी गाळते आणि धरूनही ठेवते, तेही फुकट. ती वाळू आपण उपसतो, बंधाऱ्याला जलपर्णीची हिरवी चादर पांघरतो आणि मग जलशुद्धीकरण केंद्रात वाळूचे थर घालून तेच पाणी पुन्हा गाळतो. त्याचं बिल मात्र नागरिकाला न चुकता येतं.

सरकार गप्प बसलेलं नाही, हेही सांगायला हवं. 2023 साली सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आलं. 2025 साली ते गुंडाळून पुन्हा लिलाव आले आणि जोडीला कृत्रिम वाळूचं धोरण. कृत्रिम वाळू म्हणजे दगड दळून केलेली वाळू. कल्पना वाईट नाही, नदीला तेवढाच श्वास मिळेल. पण दगड आकाशातून पडत नाही. नदीतला खड्डा डोंगरावर चढवायचा असेल, तर दुसऱ्या अंकाचं काय ते आधी ठरायला हवं.

कारण दुसरा अंक झाला नाही की काय होतं, हे डोंबिवलीजवळच्या संदपने 2022 च्या मे महिन्यात पाहिलं. गावात पाण्याची टंचाई होती, म्हणून एका कुटुंबातली माणसं खदानीच्या पाण्यावर कपडे धुवायला गेली. एकाच घरातली पाच माणसं बुडाली. खदानीचा काठ उतरता नसतो. एक पाऊल चुकलं की खाली काही नसतं. यावर विनोद सुचत नाही.

तेव्हा कल्याणच्या तहसीलदारसाहेबांकडे आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी एवढीच. परवान्यावर किती ब्रास काढायचे ते लिहिता, तसंच कुंपण कोणत्या तारखेला आणि भराव कोणत्या तारखेला, तेही लिहा आणि तो कागद खाणीच्या तोंडावर फलक करून लावा. खड्डा बुजवण्याचा खर्च पहिला सुरुंग उडण्याआधी अनामत म्हणून भरून घ्या. जुना खड्डा उघडा असेल, तर त्या मालकाला नव्या खड्ड्याची पावती देऊ नका.