देव लोडिंगमध्ये बसून आला

माईंना देव भेटला ही बातमी मला दूधवाल्याकडून कळली. ग्वाल्हेरच्या लश्करात बातम्यांचा हाच रस्ता आहे. आधी दूधवाला, मग भांडीवाली, आणि शेजाऱ्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. मी गॅस बारीक केला आणि मागच्या अंगणात भिंतीशी जाऊन उभी राहिले. आमच्या गोठीतली, म्हणजे मोहल्ल्यातली, घरं जुनी, बाहेरच्या भिंती हातभर जाड, पण दोन अंगणांमधली ही भिंत छातीएवढीच. कुणा शहाण्या पूर्वजाने ती मुद्दामच बुटकी ठेवली असावी.

"माई, काय ऐकते मी?"

माई खाटेवर पाय लांब करून मटार सोलत होत्या. डाव्या घोट्याला पट्टी. जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं हटेपर्यंत निम्मी सकाळ सरते, त्यामुळे जे काही कोवळं ऊन मिळतं त्यात अख्खी गल्ली अंगणात येऊन बसते.

"काय सांगू तुला! संक्रांतीचे तीळ आणायला बाड्याच्या बाजारात गेले होते. परतताना फरशीत पाय अडकला आणि बसलेच मी खाली. उठवेना. लोक येतायत, जातायत. एकजण म्हणाला, 'अरे अम्मा गिर गई', आणि गेला पुढे. रिक्षावाल्यांना हात केला तर बाड्याच्या गर्दीतून आत गल्लीत यायला कुणी तयार नाही. तेवढ्यात एक मालवाहू लोडिंग थांबलं."

"कसलं लोडिंग?"

"पाण्याचे कॅन असतात ना, ते वीस लिटरवाले. पोरगा खाली उतरला, पुढच्या सीटवरचे दोन कॅन उचलून मागे टाकले, मला धरून बसवलं. तिळाची पिशवीसुद्धा आठवणीने घेतली बघ! दारात आणलं, या खाटेवर बसवलं. मी पैसे काढले तर म्हणतो, 'रहने दो माताजी.' चहासुद्धा नको म्हणाला. आणि दारातून बघते तर गाडी नाहीच! धुक्यात विरूनच गेला. देव गं, दुसरं कोण?"

"माई, त्या धुक्यात आपली गल्लीसुद्धा दिसत नव्हती."

माईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी मुकाट्याने त्यांच्या टोपलीतल्या चार शेंगा उचलून सोलायला घेतल्या.

वरून आवाज आला, "नाव काय त्याचं?"

आमचे भाऊजी. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून गच्चीवरून अख्ख्या गोठीला शिकवतात. हातात वर्तमानपत्र, कानाला मफलर, आणि मफलरमधूनही सगळं ऐकू येतं.

"देवाला कुणी नाव विचारतं का?" माई म्हणाल्या.

"महादजींनी विचारलं होतं," भाऊजी म्हणाले आणि जिना उतरायला लागले. ते जिना उतरले म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या नक्की होणार, हे मला ठाऊक होतं.

आता ही गोष्ट लश्करातल्या मराठी घरात कुणाला ठाऊक नाही? पण भाऊजींनी ती नव्याने सांगितली, आणि खरं सांगते, पाणीवाल्याच्या संदर्भात ती मला वेगळीच वाटली. 1761 सालची चौदा जानेवारी, पानिपत. दुपारनंतर सगळं उधळलं. महादजी शिंदे दख्खनी घोडीवर निघाले आणि एक धिप्पाड अफगाण पाठीला लागला. घोडी चपळ, त्याचं जनावर जडशीळ, पण चिवट. महादजी पुढे जाऊन जरा दम घेतात, तर तो पुन्हा मागे दिसतो. शेवटी घोडी एका खंदकात पडली. त्याने गाठलं, गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरचे दागिने काढले, घोडी घेतली आणि चालता झाला. महादजींनी पुढे इंग्रज वकिलाला, पामरला, सांगितलं होतं, की त्या जनावराची ती धाव मला अजून झोपेत दिसते. एवढा मोठा माणूस, दिल्लीचा बादशहा ज्याच्या तळहातावर, आणि स्वप्नात काय येतं, तर मागून दौडत येणारं घोडं! मला हे ऐकून महादजी पहिल्यांदा घरचे वाटले.

"आणि मग तिथे कोण आलं?" भाऊजी.

"राणेखान," माई आणि मी एकदम.

राणेखान भिस्ती. तोही पळणाऱ्यांतलाच एक. सोबत पखाली वाहायचा बैल. त्याने जखमी महादजींना त्या बैलावर घातलं आणि दक्षिणेची वाट धरली. हा कुठल्या घरचा, याला वाचवून काय मिळेल, याचा हिशेब मांडायला त्या संध्याकाळी सवड कुणाला होती? पाय कायमचा अधू झाला, पण जीव राहिला. तो राहिला म्हणून पुढे शिंद्यांचं राज्य उभं राहिलं, त्यांच्या मागून आलेल्या दौलतरावांनी 1810 साली किल्ल्याखाली लश्कर वसवलं, आणि म्हणून आज आपण इथे मटार सोलतोय. भाऊजी असे एका बैलावरून थेट मटारापर्यंत येतात. इतिहासाच्या परीक्षेत कुणी असं लिहिलं असतं तर त्यांनीच भोपळा दिला असता.

"बघा! तोही पाणीवालाच," माईंचे डोळे चमकले. "म्हणजे माझं खरंच. देव पाणीवाल्याच्याच रूपाने येतो."

"अहो, पण महादजींनी त्याला देव नाही म्हटलं. भाऊ म्हटलं. सैन्यात मोठ्या हुद्द्यावर नेलं. कागदपत्रांत सरळ 'राणेखानभाई' असं येतं. 1788 साली गुलाम कादरने बादशहा शाहआलमचे डोळे काढले, त्यानंतर मराठी फौज दिल्लीत शिरली ती याच राणेखानाच्या हाताखाली. पखालवाला सेनापती झाला! देव म्हणून मोकळे झाले असते तर दोन फुलं वाहून भागलं असतं."

हे मला पटलं, आणि माईंसमोर तसं म्हणायची चोरी, म्हणून इथे सांगते. आपण उपकार करणाऱ्याला फार पटकन देवमाणूस करून टाकतो. देव केला की नाव-गाव विचारायला नको, त्याच्या घरी कोण आजारी आहे ते बघायला नको, परत कधी भेटायलाही नको. कीर्तनातली दामाजीची गोष्टच घ्या. विठोबा विठू महार होऊन बेदरला जातो, दामाजीचे पैसे भरतो, पावती घेतो. ढोलीबुवांच्या मठातल्या कीर्तनांवर वाढलेली आमची गल्ली, हे आख्यान निघालं की डोळे पुसल्याशिवाय उठत नाही. पण ज्या खऱ्या माणसाचं रूप देवाने घेतलं, त्याला त्या गावात कुणी पंक्तीला बसवलं असतं का, हे कीर्तनात येत नाही. महादजींची श्रद्धा कमी नव्हती हो! कृष्णभक्त माणूस, स्वतः अभंग करणारे, आणि बीडच्या मन्सूरशाह अवलियांचे भक्त. त्यांचा उरूस इथे गोरखीत आजही होतो. देवाने मला वाचवलं, हे महादजींनाही वाटलंच असणार. पण देवाच्या खात्यावर टाकून त्यांनी राणेखानाचं देणं बुडवलं नाही.

एवढ्यात समोरच्या भाभीजी हातात गजकचा डबा घेऊन आल्या. त्यांचं माहेर डीगचं, भरतपूरच्या बाजूचं. त्यामुळे पानिपत हा शब्द त्यांच्या कानावर पडला की त्या थांबतातच.

"आणि आमच्या सूरजमलजींचं नाव घेतलं की नाही?"

घेतलं नव्हतं. घ्यायलाच हवं होतं, कारण त्यांचं बरोबर आहे. लढाईआधी सूरजमल जाटाचे आणि मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांचे खटके उडाले होते, त्याने दिलेला सल्ला कुणी मनावर घेतला नव्हता, आणि तो छावणी सोडून निघून गेला होता. पण पानिपतावरून उघडेवाघडे, उपाशी, थंडीने काकडलेले लोक त्याच्या मुलखात शिरले, तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने दारं उघडली. अन्न, कपडे, औषधपाणी. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी होऊन डीगला पोचला, त्याची शुश्रूषा तिथेच झाली आणि तो तिथेच वारला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंना, नाना फडणिसांना आसरा मिळाला, आणि मग त्या मंडळींना सांभाळून कुठे पोचवलं म्हणता? इथे, ग्वाल्हेरला. नानांची तर आई त्या धामधुमीत गेली होती. विशीही न गाठलेला पोरगा, वेष पालटून, अनोळखी लोकांच्या घासावर तग धरून आला होता.

"हमारे यहाँ तो आज भी कोई भूखा नहीं जाता," भाभीजी म्हणाल्या आणि डबा पुढे केला. मुरैन्याची गजक असल्यामुळे आम्हीही कुणी भुकेले राहिलो नाही.

मग अनोळख्यांच्या मदतीवरून विषय गंगादासांच्या शाळेवर, म्हणजे साधूंच्या आश्रमावर गेला, जाणारच होता. फूलबागेवरून जाताना राणीसाहेबांच्या समाधीपाशी माईंचा हात अजून आपोआप कपाळाकडे जातो. जून 1858. झाशीची राणी घायाळ होऊन पडली ती गंगादास महंतांच्या आश्रमाच्या आसऱ्याला. तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून साधू लढले. 745 साधू कामी आले असं आश्रमात सांगतात. आणि आश्रमाच्याच झोपडीची लाकडं-गवत वापरून तिला अग्नी दिला, असंही. रक्ताचं नातं नाही, भाषा एक नाही. त्या दिवसांत ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव आग्र्याला होते, यावर आमच्या गोठीत दोन तट आहेत आणि एका तटाच्या घरी आमचं वाण जातं, म्हणून मी तो विषय तिथेच दाबला.

"वरसईचे गोडसे भटजीही त्याच धुमाळीत इकडे होते," भाऊजी सुटलेच होते. "शिंद्यांच्या बायजाबाईसाहेबांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून कोकणातून निघाले, आणि सापडले झाशीच्या वेढ्यात. होतं नव्हतं ते लुटलं गेलं. पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घरी पोचवली. वाटेत ओळख ना पाळख, अशा दारांत जेवून."

मला वाटलं, झालं, आता पंगत उठेल. पण भाऊजींचा आवाज एकदम उतरला.

"पण माई, एक विचारू? राणेखान देवाने धाडला म्हणता. त्या दिवशी पानिपतावर हजारो पोरं पडली. त्यांच्याही आया देवापाशी दिवा लावत होत्या. सगळ्या रणात देवाजवळ एकच बैल होता?"

भाभीजी गजक चघळायच्या थांबल्या. माझ्या मनात आलं, हे सणाच्या तोंडावर विचारायची काय गरज होती? असला प्रश्न जिना चढून परत वर घेऊन जावा.

माई शेंग सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तिथेही बाकीच्यांजवळून माणसं गेलीच असतील. काल माझ्याजवळून गेली ना, तशी. देवाने कितीजणांना सांगितलं असेल कुणास ठाऊक. थांबला तो एक."

भाऊजींनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. त्यांच्याकडे उत्तर नसलं की ते असं करतात.

"बरं, मग त्या थांबलेल्याचं नाव?"

आता माईही जरा चपापल्या. "विचारायला हवं होतं, नाही?"

पुढची चर्चा फारच व्यावहारिक झाली. त्याला संक्रांतीला जेवायला बोलवायचं, हे माईंनी जाहीर केलं. शोधायचं कसं? गाडीवर नंबर असेल. तो कुणी पाहिला? कुणीच नाही. कॅनवर कंपनीचं नाव होतं? होतं, निळ्या अक्षरांत, पण माईंचा चष्मा पिशवीत, तोही तिळाखाली. भाभीजी म्हणाल्या, सराफ्यात सकाळी बरीच दुकानं पाणी घेतात, तिथे उभं राहिलं की चार तरी लोडिंग जातात. भाऊजींना नेमणूक मिळाली. त्यांनी कुरकुर केली, की मी त्याचा चेहरा पाहिलेला नाही, मी काय हरेक पाणीवाल्याला विचारू, 'भैया, काल तुम्ही देव होतात का?'

"तसंच विचार," माई म्हणाल्या.

मग जेवायला काय, यावर खरा वाद पेटला. माई म्हणतात गुळाची पोळी, वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी. भाभीजींचं मत असं, की दिवसभर कॅन उचलणाऱ्या पोराला असल्या पोळीने काय होणार, बेडई आणि आलूची भाजी करा, मी करून देते. माईंना हे लागलं. "आमच्याकडे बोलावणार, आणि बेडई?" भाभीजी म्हणाल्या, "तो जेवणार आहे की तुमचा गणपती?" मी मधे पडले आणि म्हटलं दोन्ही करू. त्यावर दोघींनीही माझ्याकडे पाहिलं, म्हणजे करायचं मलाच. शिवाय माईंनी ठरवून टाकलंय, की तो येताना एकटा येऊ नये, बायको-पोरं असतील तर घेऊन यावं, त्यांनाही वाण द्यायचं. तेव्हा पोळ्या पंधराच्या खाली होणार नाहीत, आणि गूळ घरात अर्धा किलोसुद्धा नाही.