मेल बाजूला, मालगाडी पुढे

अहो वहिनी, आधी ही अळूची पानं घ्या. आम्ही नसताना टोमॅटोंना पाणी घातलंत, नाहीतर मिसिसागाच्या या उन्हात काडीसुद्धा उरली नसती. आत या म्हणत नाही, घरभर अजून बॅगा उघड्या पडल्यात. इथंच कुंपणाशी सांगते.

टोरांटोहून व्हँकुव्हर विमानानं पाच तासांचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी तर कल्याणहून फोन करून विचारलं, "आगगाडीनं कशाला? पैसेही जास्त, दिवसही जास्त." खोटं नाही ते. झोपायच्या बर्थचं तिकीट विमानाहून पुष्कळच महाग पडतं. पण मामंजी म्हणजे मध्य रेल्वेतले गार्ड, कर्जत-लोणावळा घाटात निम्मी नोकरी झालेली. कॅनडात पाऊल ठेवल्यापासून त्यांचा एकच घोषा, 'द कॅनेडियन' गाडीत बसायचं. युनियन स्टेशनात गाडी लागली तर मामंजी आधी डब्यांना हात लावून बघताहेत! ते स्टीलचे डबे १९५४-५५ सालचे आहेत म्हणे. मामंजींच्या लग्नाच्याही आधीचे.

व्हँकुव्हरपर्यंत ४,४६६ किलोमीटर आणि चार रात्री. आम्ही अलीकडे जास्परलाच उतरणार होतो. सासूबाईंना खालचा बर्थ, मुलांना वरचे, मधे जाड पडदे. जेवण गाडीतच मिळतं, तरी सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलीच होती. पहिला दिवस गेला, रात्र गेली, सकाळ झाली. बाहेर आपलं तेच. खडक, तळं, बर्चची झाडं, पुन्हा तळं. "कुठवर आलो गं?" लेक म्हणाली, "आजी, ऑन्टारिओ." दुपारी विचारलं, ऑन्टारिओ. एका ऑन्टारिओत आपले साडेतीन महाराष्ट्र बसतात, असं कळल्यावर त्यांनी विचारायचंच सोडलं आणि उठून काचेच्या घुमटाच्या डब्यात जाऊन बसल्या. तिथे मॉन्ट्रियलच्या एक आजीबाई भेटल्या. त्यांना मराठी येईना, ह्यांना फ्रेंच येईना, आणि दोघींनी मिळून दोन्हीकडच्या सुनांबद्दल काय बोलून घेतलं ते देवच जाणे. माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, एवढं मी पाहिलं.

मामंजी मात्र नाराज. का, तर आपली गाडी मधूनच सायडिंगला उभी राहते आणि समोरून दोन-तीन किलोमीटर लांबीची मालगाडी सावकाश निघून जाते. रूळ मालगाड्या चालवणाऱ्यांच्या मालकीचे, आपण त्यांच्या अंगणातून जाणार, तेव्हा वाट आपणच द्यायची. "मेल बाजूला आणि मालगाडी पुढे? आमच्याकडे असं केलं असतं तर कंट्रोलवाल्यानं सोलून काढलं असतं." पण तेच पुढे डबे मोजायला लागले. नातू इंजिनं मोजतोय, आजोबा डबे. दोघांचं गणित जमेना, म्हणून पुढच्या मालगाडीची वाट बघायला लागले. मला काय वाटतं सांगू? मोटारीत आणि विमानात म्हाताऱ्या माणसांना आपण नेत असतो. आगगाडीत ती आपणहून जातात. उठतात, हिंडतात, ओळखी काढतात, आपल्याला विचारतसुद्धा नाहीत.

घड्याळाचा घोळ वेगळाच. वाटेत वेळ तासातासानं मागे सरकते आणि मामंजींची रक्तदाबाची गोळी जुन्या वेळेनं घ्यायची की नव्या, यावर रोज बैठक. या सगळ्याला कारण सँडफोर्ड फ्लेमिंग. १८७६ मध्ये आयर्लंडात वेळापत्रकात सकाळ-संध्याकाळची गफलत छापली गेली, याची गाडी चुकली, रात्र स्टेशनात काढावी लागली. तिथून जो चिडला तो सगळ्या जगाची घड्याळं लावायच्याच मागे लागला. इथल्या रेल्वेचा मोठा इंजिनिअर होता तो. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

विनिपेगच्या पुढे जमीन एकदम सपाट. पिवळा कनोला जिथवर नजर जाईल तिथवर. सासूबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. लेकीनं सांगितलं, १८७२ च्या कायद्यानं इथे १० डॉलर फी भरून १६० एकर मिळायचे, अट एवढीच की तिथं राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. सासूबाई गप्पच झाल्या. त्यांच्या माहेरी बांधाच्या एका फुटावरून भाऊ-भाऊ बोलत नाहीत! मग म्हणाल्या, "आणि ज्यांची होती त्यांना काय दिलं?" लेक म्हणाली, मूळ रहिवाशांना करारानं माणशी वर्षाला ५ डॉलर, आणि ते आजही ५च आहेत. शाळेत शिकवतात हो हे, बरं वाटलं ऐकून.

जास्परला उतरून गाडी भाड्यानं घेतली. २०२४ च्या वणव्यात त्या गावातल्या एक तृतीयांश इमारती जळाल्या. डोंगर अजून काळे दिसतात. तिथून लेक लुईसपर्यंत २३० किलोमीटर रस्ता. फोनला रेंज नाही, पेट्रोलपंप मधे एकच. आमचे हे दर वळणावर फोटोला थांबणार आणि मुलं "अजून किती?" म्हणणार. भांडणं सगळी याच रस्त्यावर झाली. देखावा स्वर्गातला, आणि गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही! अथाबास्का हिमनदीपाशी मात्र सगळे मुकाट्यानं चालले. कुठल्या साली बर्फ कुठवर होतं, त्याच्या पाट्या लावल्यात वाटेवर. पाटीपासून बर्फापर्यंतचं अंतर पायांना कळतं.

मामंजींची पंढरी पुढे होती. फील्ड गावाजवळ डोंगराच्या पोटात रेल्वेचे दोन गोल बोगदे. आधी तिथं सरळ उतार होता, २२ फुटांना १ फूट! आपल्या घाटात ३७ ला १. मामंजी मला रस्त्याच्या कडेला उभं करून समजावताहेत, "अगं, कर्जतला मागे बँकर इंजिनं लावून आमची दमछाक व्हायची, इथं काय झालं असेल!" सुटलेली गाडी वळवायला कॅच सायडिंग इथंही होत्या, आपल्या घाटातल्यासारख्या. १९०९ मध्ये बोगदे झाले आणि चढ निम्म्यावर आला. आम्ही तासभर थांबलो. अखेर मालगाडी आली. वरून पुढचे डबे एका दिशेनं, खाली मागचे उलट्या दिशेनं, गाडी एकच. मामंजींनी सवयीनं हात वर करून तिला सिग्नल दिला. बाजूच्या जर्मन पाहुण्यांनी त्यांचाच फोटो काढला.

मग क्रेगेलाकी. कॅनडाच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ ला तिथं ठोकला. ठोकणारे डोनाल्ड स्मिथ, बडे भागधारक. पहिला खिळा वाकला, दुसरा घ्यावा लागला! फोटोत मधोमध उंच टोपी, पांढरी दाढी, तेच आपले फ्लेमिंग. आणि ज्या हजारो चिनी मजुरांनी ब्रिटिश कोलंबियात सुरुंग लावून डोंगर फोडले, शेकड्यांनी मेले, त्यांच्यातला त्या फोटोत एकही नाही. लग्नाच्या फोटोत आचारी कुठे असतो, म्हणाल्या सासूबाई. वर त्याच वर्षी चिन्यांना देशात यायला ५० डॉलर डोईपट्टी बसवली. काम संपलं ना!

परतीचं विमान? त्यात काय सांगू. सगळ्यांनी खिडक्या बंद केल्या, पडदे लावले, सिनेमे बघितले. मामंजी तेवढे बाहेर बघत होते, शेतांचे ते मैलामैलाचे चौकोन मोजत.

तुम्ही आईबाबांना न्यायचं म्हणताय तर खालचा बर्थ आधी पक्का करा, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे आता नवीनच सुरू झालंय. मामंजींना मॉन्ट्रियलहून हॅलिफॅक्सला गाडीनं जायचंय. सासूबाई म्हणतात, त्या फ्रेंच आजीबाई मॉन्ट्रियलला राहतात, मी तिथंच उतरणार, तुम्ही जा एकटे पुढे. दोन दिवस झाले, दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाललंय.