बाटली काळी, कार्ड हिरवे

जलजीवन मिशन २०१९ साली आले आणि प्रत्येक गावातल्या निदान पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. बेत उत्तम. प्रशिक्षण झाले, चहा-बिस्किटे झाली, बॅनरसमोर फोटो निघाला. मग किट ग्रामपंचायतीच्या कपाटात गेले आणि किल्ली ग्रामसेवकाच्या खिशात. ग्रामसेवकाकडे आणखी एका गावाचा कारभार, त्यामुळे किल्ली आज नेमकी त्या गावात.

वास्तविक तपासणी अगदी सोपी. नळाचे पाणी नळीत घ्यायचे, ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे. पिवळे झाले तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकीत न पडता व्हाउचरवर पडली असे समजावे. जंतूंसाठी वेगळी बाटली असते. पाणी भरून झाकण लावायचे आणि वाट पाहायची. एक-दोन दिवसांत ती काळी ठिक्कर पडली, की पाण्यात मैला मिसळत असल्याचा दाट संशय.

हे ओळखायला पदवी लागत नाही, हीच खरी अडचण. चौथी शिकलेली बाई काळी बाटली घेऊन ग्रामसभेत उभी राहते आणि उत्तर मिळते, ''ताई, लॅबचा रिपोर्ट येऊ द्या.'' लॅबमध्ये खात्री करायलाच हवी, मान्य. पण तोवर पाणी उकळून प्या, एवढी दवंडी द्यायला कोणाच्या सहीची गरज आहे? रिपोर्ट येतो तेव्हा निम्मी आळी सलाइनवर असते.

शिवाय ग्रामपंचायतीला मिळणारी कार्डे आहेतच. पाणीपुरवठ्याची पाहणी करून जोखमीप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे आणि साथ नाही, तर चंदेरी. कार्ड सांगते ते पाहणीच्या दिवशी व्यवस्था कशी होती ते. आज तुमच्या हंड्यात काय आले, ते कार्डाला ठाऊक नसते. पण चौकट करून भिंतीवर कार्ड लागते, बाटली लागत नाही.

शहरवाल्यांनी हसू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडे वळली. तपासणीत काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही पिण्यालायक निघाले नाही. पैसे मोजले की पाणी आपोआप शुद्ध होते, ही श्रद्धा सुशिक्षितांचीच.

तेव्हा ग्रामसभेने एक ठराव करावा. तपासणी टाकीखाली नको, शेवटच्या नळाला. निकाल पोर्टलवर जाण्याआधी चावडीच्या फळ्यावर. आणि बाटली काळी निघाली, तर ग्रामपंचायतीच्या त्या महिन्याच्या सभेत जारचे पाणी बंद. सदस्यांनी गावच्या नळाचे प्यावे. पाइपलाइन दुरुस्तीचा अडलेला निधी सभा संपायच्या आत मोकळा होईल.