बारोलोला उपाशीपोटी भेटू नये

बारोलो ग्लासात ओतली की पहिली शंका वेटरवर जाते. यानं पाणी मिसळलं की काय? वायव्य इटलीत, पिएमाँते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर पिकणाऱ्या नेब्बिओलो द्राक्षाची ही वाइन. रंग इतका फिका, की ग्लासाआडून मेन्यूकार्डावरच्या किमती वाचता येतात, आणि मग घसा जास्तच कोरडा पडतो. मुरली की ती विटकरी होते. घोट घेतल्यावर मात्र गाल आत ओढले जातात आणि अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ टाळूला चिकटते. नेब्बिओलोच्या सालीत रंग बेताचाच, टॅनिन मात्र सढळ हातानं दिलेलं.

जाणकारांना हिच्यात डांबर आणि गुलाब असे दोन वास येतात. आमचे साडू बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "डांबर आहे. दर्जा बरा आहे. गुलाब काही टाकलेला दिसत नाही."

गुलाब यायला धीर लागतो, आणि तो इथे कायद्यानंच सक्तीचा केलाय. निदान 38 महिने मुरल्याशिवाय बारोलो विकता येत नाही, त्यातले 18 लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' म्हणायचं तर 62 महिने. पिंप कुठलं, यावरून मात्र एकेकाळी इथल्या घराघरांत उभा दावा होता. आपल्याकडे भाऊबंदकी बांधावरून होते, इथे पिंपावरून झाली. जुनी मंडळी प्रचंड जुनाट पिंपांची, तर तरुणांना 225 लिटरची नवी फ्रेंच 'बारिक' पिंपं हवी होती. 1983 साली एलियो आल्तारे या तरुणानं यांत्रिक करवत आणून वडिलांची पिंपं सरळ कापून काढली. वडिलांनी त्याचं नाव वारशातून कापलं. उलट बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो नावाचे म्हातारबाबा. त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेल्या लेबलावर लिहिलं : बारिक नको, बेर्लुस्कोनी नको. बाटलीच्या लेबलावरून एकाच दमात पिंप आणि राजकारणी दोघांना धुणारा माणूस मला तरी परमपूज्य वाटतो.

आता जेवणाचं. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. पुढ्यात मांस, लोणी, जुनं चीज आलं की ते त्यांच्या मागे लागतं आणि आपली सुटका होते. इथला 'ब्राझातो' म्हणजे गोमांस बारोलोत भिजवून तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेलं. त्यासाठी अख्खी बाटली पातेल्यात ओततात, हे ऐकून साडूंच्या चेहऱ्यावर सोनं गहाण टाकल्याची कळा आली. 'तायारीन' हे शेवयांसारखं बारीक पास्त्याचं प्रकरण. किलोभर पिठाला तीस-चाळीस बलक घालणारी घरंही आहेत. वर लोणी, आणि हंगाम असेल तर आल्बाची पांढरी ट्रफल. मातीखाली वाढणारी, कुत्र्यांनी हुंगून काढलेली ही अळंबी ग्रॅमवर विकतात. वेटर ती ताटावर किसू लागला की नजर ताटावर न ठेवता त्याच्या हातावर ठेवावी.

मासे मात्र बारोलोसोबत नकोत, तोंडात लोखंडाची चव येते. आणि तिखट तर मुळीच नको. हे मी सांगेपर्यंत साडूंनी खिशातून लसणाच्या चटणीची पुडी काढून तायारीनवर मोकळी केली होती. मिरचीचा जाळ, त्यावर टॅनिनची तुरटी आणि 14 टक्के अल्कोहोल. साडूंच्या कानांतून धूर निघायचाच बाकी होता. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी न विचारता आपल्या पावाची टोपली पुढे सरकवली.

जेवणानंतर वेटरनं बारोलो किनातो आणून ठेवली. बारोलोत सिंकोनाची साल, साखर आणि वेलदोड्यासारखे मसाले घालून एका औषधविक्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती लोकप्रिय केली. हल्ली चॉकलेटबरोबर घेतात. कडू, गोड, उग्र. साडूंनी चाटून बघितली, पुन्हा बघितली, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, हा तर काढा! आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. एक खोकल्यासाठी. दुसरी, खोकला नसताना.