नानांचं पिसं

नाना बँकेतून निवृत्त झाले, खतावणी मात्र सुटली नाही. पूर्वी रुपये टिपायचे, आता पिसं टिपतात. गॅलरीत झेब्रा फिंचचे चार पिंजरे आणि खिळ्याला दोरीने बांधलेली वही. "तीन नंबरच्या नराचा केशरी गाल उजवीकडे फिका पडलाय," असं जिन्यात अडवून सांगतात. माझ्या हातातली दुधाची पिशवी तोवर गळत असते.

कारणाशिवाय पीस बदललेलं नानांना चालत नाही. पीस पूर्ण वाढलं की नखासारखं निर्जीव. नवा रंग हवा तर जुनं गळायलाच हवं, हे त्यांचं पहिलं कलम. काळं पडलं, तर खाण्यात काही बिघडलंय किंवा ऊन कमी पडतंय. इंग्लंडात दीडशे वर्षांपूर्वी कॅनरींना लाल मिरची चारून केशरी करत, हे नानांनी वाचलं त्या दिवसापासून काकूंचा तिखटाचा डबा कुलपात आहे.

गेल्या महिन्यात बाजारातून एक हिरवागार पक्षी आला. "गूल्डियन फिंच! ऑस्ट्रेलियाची! लहानपणी अशीच हिरवट असते, पिसं झडली की डोकं लाल, काळं नाहीतर पिवळं होतं. १८४४ मध्ये गूल्डसाहेबाने आपल्या वारलेल्या बायकोचं नाव दिलंय हिला."

"जिवंतपणी काय दिलं होतं?" काकूंनी विचारलं.

"पक्ष्यांची चित्रं काढायला दिली होती."

"वाटलंच," म्हणत काकू आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी पक्ष्याने बशीत मनसोक्त अंघोळ केली. पाणी हिरवं झालं आणि पक्षी तपकिरी, पोटावर खवले खवले. आपली शेतातली ठिपकेवाली मुनिया! कुणीतरी रंगात बुडवून विकलेली. वर ती पाळायला कायद्याने बंदी. नाना शांतपणे वहीत लिहीत होते: 'संपूर्ण रंगबदल. कालावधी चार मिनिटं. कारण तपासाधीन.'

"पण नाना, जुनं पीस गळल्याशिवाय..."

"त्या कलमात दुरुस्ती झालीये."

काकूंनी मुकाट्याने वनखात्याचा नंबर आणि फोन पुढ्यात ठेवला. नानांनी चष्मा पुसला, बशीतल्या पाण्याकडे पाहिलं.

"करतो ना फोन. पण आवक हिरवी, जावक तपकिरी. मधली तफावत कुणाच्या नावे टाकू, ते आधी सांग."