नाव कुठं घालायचं?

आपलं नाव साऱ्या हिंदुस्थानानं वाचावं, या हौसेपोटी मी ट्रेलर घेतला. धंद्याचा हिशेब नंतर जुळवला. कोल्हापुरात साखरेची पोती वाहणाऱ्या दहाचाकी गाड्यांचे मालक छप्पन्न आहेत. ट्रेलरवाला मात्र चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावरसुद्धा जरा ऐसपैस बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ट्रेलर बांधायला तामिळनाडूतलं नामक्कलच का, हे घरच्यांना पटवताना नाकी नऊ आले. आमच्या रानात बोअर मारायला आलेल्या गाडीवर टी.एन. ३४ असा नंबर होता. म्हणजे तिरुचेंगोडे, नामक्कल जिल्ह्यातलंच गाव. पावसानं कायम हात आखडता घेतलेला हा मुलूख. नुसत्या शेतीत भागेना म्हणून लोक लॉरी, बोअर आणि कोंबड्यांकडे वळले, आणि आता लॉरीची बॉडी बांधायची तर नामक्कल असं नाव झालंय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेड आणि शेडमध्ये वेल्डिंगचा निळा उजेड, बारा महिने दिवाळी असल्यासारखा.

साडेआठशेच्या घरात किलोमीटर. आमचा जुना घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनाची गाडी, घेऊन ड्रायव्हर मामा निघाले, मी शेजारी. ट्रेलरला इंजिन नसतं आणि पुढची चाकंही नसतात. पुढचं सगळं ओझं घोड्याच्या पाठीवर. मालकाचंही.

खिशात एक कागद होता. त्यावर गाडीच्या मागच्या फळीवर रंगवायचा मजकूर. फळीवर काय लिहावं या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे, तेव्हा वाचकांनी जरा दम धरावा. आपल्या महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी आणली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. (न वाचताही वाजवतात, पण ते असो.) त्यामुळं फळीवर मधोमध चांगली ऐसपैस जागा रिकामी झाली आणि मराठी प्रतिभेला बहर आला. मालकांच्या जाती मी फळीवरून ओळखतो. आईवडिलांची कृपा लिहिणाऱ्याचं कर्ज अजून फिटलेलं नसतं. कुलदैवत लिहिणाऱ्याचं फिटत आलेलं असतं. भाऊबंदांना उद्देशून टोमणा लिहिणाऱ्याची दुसरी गाडी झालेली असते. आणि प्रेमभंगाचा शेर लिहिलेली गाडी कधीही बिनधास्त ओव्हरटेक करावी, तो माणूस आपल्याच तंद्रीत असतो. माझा मजकूर या सर्वांच्या वरचा होता. वर श्री, खाली वडिलांसकट माझं पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, मोबाइल आणि शेवटी ‘नाद नाय करायचा’. अक्षराला सावली सोडायची की नुसती किनार, यावर कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या पेंटरशी माझी बोलाचालीही झाली होती.

शेडमध्ये ट्रेलर उभा होता. चाळीस फुटी फ्लॅटबेड, तीन अ‍ॅक्सल, बारा टायर. मी कागद हातात घेऊन मागच्या बाजूला गेलो. मागे फळीच नव्हती. पुढंही नव्हती, बाजूलाही नव्हती. दोन लांब गर्डर, आडवे चॅनेल, कंटेनर अडकवायला कोपऱ्यांत लॉक आणि शेवटी लाल-पांढरी पट्टी चिकटवलेला बंपर. वर जो कंटेनर चढेल त्याच्यावर हातभर अक्षरांत डेन्मार्कच्या कंपनीचं नाव असणार.

मामा म्हणाले, “मालक, बंपरवर बसंल की नाव. फकस्त नंबरप्लेट काढाय लागंल.”

मग जोडणी. मामांनी घोडा इंचाइंचानं मागं घेतला. ट्रेलरच्या पोटातली किंगपिन घोड्यावरच्या तव्याच्या खाचेत घुसली आणि खट्ट झालं. मी टाळी वाजवली. मामा मात्र बॅटरी घेऊन खाली शिरले, लॉक डोळ्यांनी पाहिलं, लाल आणि पिवळा पाइप जोडला, हवा भरू दिली. ट्रेलरचे ब्रेक लावून घोड्याला पुढं हिसका दिला. सुटला नाही, तेव्हा ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय गुंडाळले. मग नामक्कलच्या अठरा फुटी मारुतीच्या देवळाबाहेर नारळ. त्या मारुतीच्या डोक्यावर छप्पर नाही. मामांचं म्हणणं, ड्रायव्हरला तोच देव बरा.

पासिंग व्हायचं होतं, त्यामुळं भाडं भरून आणायची सोय नव्हती. रिकामा ट्रेलर खड्ड्यागणिक आदळत होता आणि प्रत्येक आवाजाला मला हप्ता आठवत होता. तोप्पूरचा घाट, होसूर, तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी. केबिनमध्ये इंजिनची धग. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. आमचा घोडा त्याच्या आधीचा. मामांची पाठ सीटवरून सुटली की शर्टावर मिठाचा नकाशा दिसायचा. “पोराला स्टेअरिंगला हात लावू दिला न्हाई,” ते मध्येच म्हणाले. “ड्रायव्हरला पोरगी कोण देतंय?” माझं नाव कुठं घालायचं याचा मी सगळ्या वाटेनं विचार करत होतो. या माणसाचं नाव गाडीच्या एकाही कागदावर नव्हतं, आणि गाडी घरी पोचणार होती ती त्याच्या जागरणावर.

बेळगावजवळ डावीकडं वळताना एक मोटारसायकलवाला ट्रेलर आणि कठड्याच्या मधल्या फटीत घुसला. मामांनी जागेवर ब्रेक मारला. पोराला खरचटलंही नाही, पण गर्दी जमली आणि मामांच्या कॉलरला हात गेला. मी खिडकीतून छातीठोक ओरडलो, “गाडीचा मालक मी आहे!” गर्दीनं ताबडतोब मामांना सोडलं आणि माझ्याकडं मोर्चा वळवला. एवढं लक्ष मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. सगळं अस्सल मराठीत.

नाव अजून घातलेलं नाही. तुम्हाला एकच विनंती. ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं घोड्याच्या चाकांमागून येत नाहीत, ती आतल्या अंगानं कापत येतात. डाव्या बाजूला रिकामी जागा दिसली तरी तिथं गाडी घालू नका. वर बसलेल्या ड्रायव्हरला तुम्ही तिथं दिसत नाही.